जारच्या पाण्यातलं कासव

सगळ्यांत आधी सोनकांबळे बाईंचं नाव लिहितो. किनवटच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत त्या आम्हाला विज्ञान शिकवायच्या. माझे वडील वीटभट्टीवर होते आणि आई दुसऱ्यांच्या रानात निंदायला जायची. आमच्या घरात पुस्तक ठेवायला फळी नव्हती, म्हणून बाईंनी आपल्या ओसरीतला एक कोपरा मला दिला आणि बारावी होईपर्यंत तो माझाच राहिला. पुढे नांदेडला जाऊन मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालो. आमच्या घरातला पहिला पदवीधर. बाई आता निवृत्त होऊन नागपूरला लेकीकडे असतात. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून आमचं बोलणं पत्रातूनच होतं.

यंदा दिवाळीनंतर पुण्याच्या एका संशोधन संस्थेत मला काही महिन्यांचं काम मिळालं. होळी करून मी परत आलो. आमच्या तालुक्यातली कितीतरी मुलं पिंपरी-चिंचवडला आणि चाकणला कामाला आहेत. ती सुट्टीला आली की कंपनी, शिफ्ट आणि ओव्हरटाइम यांपलीकडे काही सांगत नाहीत, कारण दुसरं काही बघायला त्यांना सवडच नसते. मी तिथं कासवांसाठी गेलो होतो. तेव्हा जे तिकडे गेले नाहीत त्यांच्यासाठी, आणि गेले पण बघू शकले नाहीत त्यांच्यासाठीही, हे लिहितो आहे.

काम काय होतं ते आधी सांगतो. काही रसायनं फार चिवट असतात. डाग न धरणारं कापड, न चिकटणारा तवा, आग विझवायचा फेस, धातूवर मुलामा चढवायच्या टाक्या, अशा कितीतरी ठिकाणी ती वापरतात. पाण्यात गेली की ऊन, पाऊस, जंतू, कुणाकडूनच ती मोडत नाहीत. मासा दोन-चार वर्षांत मरतो. कासव मात्र त्याच चिखलात, त्याच पाण्यात वर्षानुवर्षं काढतं, त्यामुळे पाण्यात जे असेल ते त्याच्या रक्तात साठत जातं, आणि मादी असेल तर अंड्यात उतरतं. पवना, इंद्रायणी आणि त्यांना मिळणाऱ्या ओढ्यांतल्या कासवांत हे कितपत उतरलंय, ते आम्हाला बघायचं होतं. वनखात्याची परवानगी होती. कासव धरायचं, मोजायचं, मानेच्या शिरेतून थोडंसं रक्त घ्यायचं आणि होतं तिथं सोडायचं. आमच्या मार्गदर्शक मॅडम प्रयोगशाळेत असत. मी बाहेर, बहुतेक वेळा एकटा.

दापोडी

राहायला दापोडीत जागा मिळाली, कॉट बेसिसवर. म्हणजे भाड्यानं खोली मिळत नाही, खाट मिळते. आमच्या खोलीत चार खाटा होत्या आणि खिडकीखाली रेल्वेचे रूळ. माझ्या खाटेशेजारच्या भिंतीवर आधीच्या माणसाच्या डोक्याच्या तेलाचा गोल डाग होता. तो कोण होता, कुठं गेला, खोलीतल्या कुणालाच आठवत नव्हतं. मी रोज त्याच डागाला डोकं टेकून झोपायचो.

बाकी तिघं कंपनीत. तिघांच्या शिफ्ट तीन तऱ्हेच्या. खोलीत कुणी ना कुणी सतत झोपलेलं, त्यामुळे सगळे कुजबुजत बोलायचे. उदगीरचा प्रवीण तेवढा थोडा गप्पिष्ट होता. पहिल्याच दिवशी माझी पेटी उघडून सुया आणि नळ्या बघितल्या आणि म्हणाला,

“एवढं शिकून तू कासवाला सुया टोचायलास का?”

“हो.”

“कासव ओरडत नाही का?”

“कासवाला आवाज फार नसतो.”

“मग तू आमच्या कंपनीत ये राव. आमच्याकडं बी सगळे तसलेच आहेत.”

हसताना त्यानं तोंडावर हात धरला, कारण शेजारच्या खाटेवर नाईट करून आलेला झोपला होता. पुढे आठवडा बदलला, त्याची शिफ्ट फिरली आणि आमची गाठच पडेना. कधी माझ्या उशाशी कागदात गुंडाळलेली दोन भजी असायची, त्यावरून तो येऊन गेला हे कळायचं. मीही एकदा त्याच्या उशाशी आईनं दिलेली जवसाची चटणी ठेवली. खोलीतली ओळख एवढीच.

रविवारी जवळच्या विहारात जायचो. तिथं पहिला प्रश्न तोच, आपल्याकडे विचारतात तो: गाव कोणतं? किनवट म्हटलं की एखादा म्हातारा म्हणायचा, “अरे, लई लांब.” त्याच्या बापानं पिंपरीच्या कारखान्यात हयात काढलेली असायची, स्वतः तो बँकेतून निवृत्त आणि मुलगी कॉम्प्युटरवर. वंदना झाली की सगळे आपापल्या घरच्या जेवणाला उठायचे. एका बाईंनी मला वाटीभर खीर दिली. वाटी स्टीलची होती. ती परत करायला पुढच्या रविवारी जावं लागेल, याचाच मला केवढा आनंद झाला होता.

वाकड

वाकडच्या एका सोसायटीतून मॅडमना फोन आला की आमच्या कारंज्यात कासव आलंय. मी गेलो. सोसायटी म्हणजे आपल्या बसस्टँडापासून तहसीलपर्यंत जेवढी वस्ती असेल तेवढी माणसं, पण उभी रचलेली. फाटकावर रखवालदारानं मला डिलिव्हरीवाला समजून मागच्या दारानं जायला सांगितलं. त्याचं चुकलं नाही, माझ्या पाठीवर तसलीच चौकोनी पिशवी होती.

कारंज्यात मऊ पाठीचं, चपटं कासव होतं. पलीकडच्या नाल्यातून आलं असणार. सोसायटीचे एक काका बघायला उभे होते.

“शुभ असतं ना हे? राहू दे की इथंच.”

“काका, कायद्यानं ठेवता येत नाही. आणि कारंज्यातल्या औषधात ते जगणार नाही.”

“नाल्यात जगतं, आणि आमच्या स्वच्छ पाण्यात नाही?”

याचं उत्तर मी लांबलचक देत बसलो. ऐकता ऐकता काकांना फोन आला आणि ते गेले. वजनकाटा लावायला सपाट जागा हवी म्हणून वरच्या मजल्यावरच्या त्यांच्या ऑफिसात जायचं ठरलं, तेव्हा लिफ्टमध्ये कासवानं माझ्या शर्टावर धार सोडली. घाबरलं की ते तसंच करतं. लिफ्टमध्ये चांगले कपडे घातलेली माणसं होती. कुणी नाक दाबलं नाही, कुणी हसलं नाही, कुणी काही बोललंही नाही. आमच्याकडे असं झालं असतं तर सगळ्या गल्लीनं महिनाभर मला त्यावरून छळलं असतं. त्या शांत लिफ्टमध्ये मला ते छळणंसुद्धा हवंसं वाटलं.

वरच्या खिडकीतून नदी दिसत होती. करड्या रंगाची बारीक पट्टी, कडेला जलपर्णी. इतक्या उंचावरून तिला वास नव्हता.

कुरुळी

या प्रवासातलं खरं गाव कुरुळी. चाकणच्या पट्ट्यातलं. रस्त्याला कंटेनरची रांग, मध्येच कांद्याचं वावर, त्याला लागून पत्र्याची शेड, शेडला लागून पुन्हा वावर. जुन्या घरांनी मागच्या जागेत खोल्या काढून कंपनीतल्या मुलांना भाड्यानं दिलेल्या.

हौसाबाईंच्या घरामागे पायऱ्यांची विहीर आहे. तिच्यात काळ्या पाठीची, पाठीवर तीन उभ्या कडा असलेली कासवांची जोडी राहते, असं ऐकून मी गेलो. हौसाबाई सत्तरीच्या असाव्यात. मी ओळख सांगितली तर म्हणाल्या,

“कासवाचा डाक्टर? जनावराला डाक्टर आसतो, पन कासवाला बी हाय व्हय?”

“डॉक्टर नाही मावशी, अभ्यास करतो.”

“कर की. आमच्या सासऱ्यानं सोडलीत ती. हिरीत कासाव आसलं की पानी चांगलं ऱ्हातं. त्ये जितं हाय तवर डोळं झाकून प्यावं.”

आमच्याकडेही विहिरीत कासव सोडतात. शेवाळ खातं, किडे खातं, पाणी निर्मळ राहतं. म्हणून मला त्यात वेगळं काही वाटलं नाही. मी जोडी धरली, मोजली, रक्त घेतलं. नर धरताना पायरीवरून घसरून कमरेपर्यंत पाण्यात गेलो, तर हौसाबाईंची सून सोनाली वरून म्हणाली, “दादा, आता तुमचंपण रक्त घ्या, तुम्हीपण विहिरीतले झालात!” ती पोटुशी होती. तिचा नवरा दत्ता एका कंपनीत लाइनवर होता. त्यानं मला कोरडी लुंगी दिली आणि जेवायला बसवलं. बाजरीची भाकरी आणि मासवडी. मासवडी म्हटल्यावर मी काटे शोधत सावकाश खात होतो. बेसनाची असते ती. त्यावरून मला पुढे दर खेपेला चिडवलं गेलं, आणि मी दर खेपेला त्याची वाट बघायचो. त्या सगळ्या मुलखात मला नावानं चिडवणारं ते एकच घर होतं.

मादीनं पेरूच्या झाडाखाली अंडी घातली होती. हौसाबाईंनी कुत्र्यांपासून जपायला वर बाभळीची काटी रोवली होती. म्हणाल्या, “दर साली घालती. पयली पिल्लं निघायची, आमी वट्यात घालून हिरीत सोडायचो. आता लई वरसं झाली, येक न्हाई.”

पौष सरला तरी पिलं निघाली नाहीत. मुदत उलटल्यावर परवानगीनं अंडी उघडली. काही नुसतीच पाणी झालेली. एकात पिलू होतं, जवळजवळ पुरं वाढलेलं. त्याच्या पाठीवरचे खवले एकमेकांवर चढले होते आणि पाठ एका अंगाला मुडपली होती. ते मी हौसाबाईंना दाखवलं नाही. त्यांनीच हात पुढे केला, तळव्यावर घेतलं, आणि पदराच्या टोकानं त्याची माती पुसली.

त्याच सुमारास रक्ताचे निकाल आले. बाकीच्या ठिकाणांपेक्षा या जोडीत ती चिवट रसायनं खूपच जास्त होती, मादीपेक्षा नरात अधिक. मादी थोडीफार अंड्यांतून बाहेर टाकते, एवढाच फरक. विहिरीच्या वरच्या अंगानं एक ओढा वाहतो, त्याच्या काठाला मुलाम्याच्या कामाची शेड आहे. तिथूनच येतं की आणखी कुठून, हे आम्ही तपासलेलं नव्हतं. मॅडमनी फोनवर बजावलं, “सुमेध, आपण कासवाचं रक्त मोजलंय. पिण्याचं पाणी मोजलेलं नाही. जेवढं मोजलं तेवढंच बोलायचं. उगाच घबराट नको.”

आमच्या कामाची रीतच ती आहे आणि ती बरोबर आहे. म्हणून मी कुरुळीला जाऊन ओसरीवर बसलो आणि मोजलं तेवढंच बोललो.

“मावशी, कासवांना हे पाणी बाधतंय. पाण्यातलं काहीतरी त्यांच्या अंगात साठलंय. पिलं त्यामुळेच जगत नसावीत, असं आम्हाला वाटतं.”

हौसाबाईंनी तोंडाला पदर लावला. “आगं बया. मुकं जनावर त्ये. आदी का न्हाई कळलं!”

माणसांबद्दल त्या विचारतील, मग मी पाणी तपासायचं सुचवीन, असं मी धरून चाललो होतो. त्यांनी विचारलं नाही. माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि चहा दिला. चहा त्याच विहिरीचा. तो मी प्यालो.

आठवड्यानं गेलो तर ओसरीत मोठा निळा टब. त्यात मादी, दुसऱ्या घमेल्यात नर. शेजारी पाण्याचे दोन जार उलटे करून ठेवलेले. टबात काकडीचे काप तरंगत होते.

“जारचं पानी घातलंय,” हौसाबाई अभिमानानं म्हणाल्या. “दत्ता रोज आनतोय. आता बघ, पुढल्या साली पिल्लं हुत्याली.”

“आणि तुम्ही?”

“आमाला काय धाड भरलीय? आमी हिरीचंच पितो.”

तेवढ्यात सोनाली आतून आली. हातात तांब्या. म्हणाली, “मी नुसतं नाही पीत दादा, आरोग्य केंद्राच्या आशाताईंनी सांगितलंय, उकळून गार करून पिते.” आणि टबाशेजारी पाटावर टेकून ती प्यायला लागली.

उकळल्यानं जंतू मरतात. ही रसायनं जात नाहीत. पाणी आटतं तेवढी ती दाटच होतात. हे मला पाठ होतं, आणि मी समोर बसलो होतो.

“ताई, ते पिऊ नका.”

“का?”

“जे कासवाला बाधतं ते तुम्हालाही बाधत असेल. उकळून ते जात नाही. पाणी मी मोजलेलं नाही, म्हणून खात्रीनं सांगता येत नाही. पण पिऊ नका.”

मग हौसाबाई म्हणाल्या, “पन कासाव जितं हाय की रं.”

“जितं आहे, मावशी. हे मारत नाही, म्हणूनच कळत नाही.”

“मंग त्या दिशी का न्हाई बोल्लास? कासवाचं सांगितलंस, आन् ह्या पोरीचं न्हाई? आमी त्याला जार आनला, तू आलास तवा हिच्या हातात तांब्या हाय!”

दत्ता दारात उभा होता. त्यानं आवाज दाबूनच विचारलं, “भावा, मागं दहा खोल्या आहेत. सगळी पोरं हेच पाणी पितात. विहिरीचं चोवीस तास पाणी म्हणून तर येतात. तू मोजलेलं नाही म्हणतोस, आणि पिऊ नका म्हणतोस. नक्की कुठलं धरायचं आम्ही?”

“मोजायला मी नेतो. तोवर पिऊ नका.”

“आणि बाहेर?”

“बाहेर काय?”

“बाहेर बोलू नकोस राव. हात जोडतो.”

सोनालीनं तांब्या खाली ठेवला. टबातली काकडी खायला मादीनं मान बाहेर काढली होती, ती तिनं परत आत घेतली. त्या दिवशी मला कुणी जेवायला थांब म्हटलं नाही, आणि मासवडीवरून कुणी चिडवलंही नाही. मी बाटल्या भरून घेतल्या आणि महामार्गापर्यंत चालत आलो. शिफ्ट सुटली होती. एका रंगाचे शर्ट घातलेली माणसं माझ्या दोन्ही बाजूंनी चालत होती आणि त्यातल्या कुणाला काय सांगावं, हे मला कळत नव्हतं.

परत आल्यावर बाईंना लिहिलेलं पत्र पुढे देतो. माझ्याजवळ सांगण्यासारखं जे उरलं ते त्यातच आहे.

---

बाई, जयभीम.

मी किनवटला सुखरूप पोचलो. आई बरी आहे, तुमची आठवण काढते.

कुरुळीबद्दल मागच्या पत्रात अर्धंच लिहिलं होतं. मॅडम रागावतील असं वाटलं होतं, पण त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “आधी मला विचारायला हवं होतंस,” आणि पाण्याच्या बाटल्या स्वतः पाठवल्या. निकाल आला. विहिरीच्या पाण्यात ती रसायनं आहेत. कासवांइतकी दाट नाहीत, पण पिण्याच्या पाण्यात नकोत इतकी आहेत. मॅडमनी लेखी कळवलं आहे, जिथं कळवायचं तिथं. पुढे काय होईल माहीत नाही.

दत्ताभाऊ माझ्याशी बोलत नाहीत. त्यांनी मला हात जोडले होते, आणि मी बाहेर कुणाला काही सांगितलंही नव्हतं. सांगितलं सोनालीताईंनी. निकाल यायच्याही आधी. त्यांनी एकेका खोलीचं दार वाजवून मुलांना सांगितलं की विहिरीचं पाणी पिऊ नका, धुण्याभांड्याला वापरा. नाईट करून झोपलेल्यांनाही उठवलं. काही मुलं खोली सोडून गेली. राहिलेली मिळून जार आणतात. मॅडम म्हणाल्या, ज्या जारचं पाणी आरओ मशीनमधून गाळून भरलेलं असतं, त्यातून हे बरंचसं निघून गेलेलं असतं. तेवढं मी त्यांना कळवलं.

कासवं परत विहिरीत सोडली. टबात ठेवणं कायद्यात बसत नाही, आणि ओढ्यात सोडावं तर तिथलं पाणी आणखी वाईट. सोडताना हौसामावशी विहिरीवर आल्या नाहीत. मी एकट्यानंच सोडली. दोन्ही बराच वेळ खालच्या पायरीवर बसून राहिली आणि मग पाण्यात गेली.

निघताना सोनालीताईंनी माझा नंबर घेतला. त्या मधून मधून फोन करतात. दर वेळी आधी बाळ किती हलतं ते सांगतात, मग विचारतात, “दादा, आतापर्यंत प्यायले त्याचं काय?” मी पुस्तकं पुन्हा काढून वाचली, मॅडमना विचारलं, मॅडमनी आणखी दोघांना विचारलं. एका माणसाबद्दल, एका बाळाबद्दल नेमकं कुणी सांगू शकत नाही. त्यांना एका चांगल्या डॉक्टरांचा पत्ता दिला, त्या जाऊनही आल्या. तपासणीत सगळं ठीक आहे. तरीही त्या तोच प्रश्न विचारतात.

बाई, मी दर वेळी ‘माहीत नाही’ असंच सांगतो. खोटा धीर देत नाही. मला वाटलं होतं, दोन-तीनदा असं ऐकून त्या फोन करायच्या थांबतील. त्या थांबल्या नाहीत. मी ‘माहीत नाही’ म्हणतो, त्या ‘बरं’ म्हणतात, आणि फोन ठेवत नाहीत. मग मीही ठेवत नाही. मागे कंटेनर जाताना ऐकू येतात, आणि कुणाच्या तरी दारात जार उतरवल्याचा आवाज येतो.

तुमचा,
सुमेध